काळीत बांधलेलं घर

माझं माहेर पालीचं आणि सासर दिंद्रुडच्या अलीकडच्या एका लहान गावातलं. दोन्हीकडे निजामाचाच अंमल, दोन्ही बीड जिल्ह्यातच, पण जमिनी अशा की दोन वेगळे मुलूख वाटावेत. पालीला डोंगर गावाच्या पाठीशी येऊन बसलेला. कुठंही कुदळ मारा, वीतभर मातीखाली मुरूम लागायचा. सासरी आले तेव्हा काळी जमीन मी पहिल्यांदा पाहिली. गाडीतून उतरून बांधावरनं चालत घरापर्यंत गेले, तर पायाला लागलेला चिखल धुऊन निघेना. सासूबाईंनी स्वतः पाणी ओतलं आणि दगडाच्या कपचीनं माझे तळवे खरडून दिले. कडक स्वभावाची म्हणून गावभर नाव असलेली ती बाई माझ्याशी पहिल्या दिवसापासून अशी वागली.

त्या मला फार वर्षं लाभल्या नाहीत. एका वर्षी दिवाळीनंतर गावात उंदीर पडायला लागले. वळचणीतून, माळवदावरून मेलेले उंदीर खाली यायचे. त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. गाव सोडायचं, शेतात कोपी, म्हणजे गवताच्या झोपड्या, घालून राहायचं आणि थंडी सरेपर्यंत परत यायचं नाही. आमची गाडी भरून झाली होती, तेवढ्यात सासूबाईंना ताप भरला आणि काखेत गाठ आली. त्यांना टाकून कसं निघायचं म्हणून आम्ही थांबलो. माझी मुलगी, पहिलीच, नुकती चालायला लागलेली, आजीच्या अंथरुणापासून हलायला तयार नव्हती. दोघी एकापाठोपाठ गेल्या.

तेव्हा माझे मालकही तापानं पडले होते, त्यांना शुद्ध नव्हती. गावात खांदा द्यायला फारशी माणसं उरली नव्हती. सासूबाईंना भावकीतल्या दोघातिघांनी आणि मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, नेलं. मुलीला मामंजींनी एकट्यानं नेलं. त्यांनी तिला धोतराच्या पानात गुंडाळलं, कुदळ खांद्यावर टाकली आणि ते गेले. कुठं नेलं ते मी विचारलं नाही. बायकांनी ते विचारायची रीत नव्हती, आणि विचारण्याइतकी ताकदही माझ्यात नव्हती.

मालक वाचले. आम्ही विहिरीजवळच्या शेतात कोप घातली आणि हिवाळा तिथं काढला. उन्हाळा लागला तशी माणसं गावात परतू लागली. घरं सारवली, ऊद जाळला, चुली पुन्हा पेटल्या. आमच्या घराचं कुलूप मात्र तसंच राहिलं.

"बप्पा, उद्या घर उघडू," मालक म्हणाले. आमच्याकडे वडलांना बप्पा म्हणतात.

मामंजी बैलाला चारा टाकत होते. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. "मी त्या घरात येणार न्हाई. घर इथंच बांधायचं."

"इथं? काळीत?"

"व्हय. विहिरीपाशी."

मालकांनी पायानं एक ढेकूळ फोडलं. मग शांतपणे म्हणाले, "बप्पा, सारं गाव पांढरीत ऱ्हातं ते कावून? जागा न्हाई म्हणून? काळीत घर टिकत न्हाई म्हणून ऱ्हातं."

मालकांचं म्हणणं खोटं नव्हतं. आमच्याकडे जमिनीचे दोनच भाग मानतात. काळी म्हणजे शेत. पांढरी म्हणजे गावाची जागा, जिथली माती फिकी, भुरभुरीत आणि पिढ्यान्‌पिढ्या माणसांच्या वस्तीखाली दबून बसलेली. काळी पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात सुकून आकसते. चैत्र-वैशाखात तिला अशा भेगा पडतात की आमच्या म्हशीचा पाय एकदा गुडघ्यापर्यंत आत गेला होता आणि चार माणसांनी तो काढला होता. हे मामंजींना ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांचं सगळं आयुष्य त्या जमिनीवर गेलं होतं.

तरी ते हटले नाहीत. त्यांनी जुन्या माणसांची परीक्षा करून पाहिली. हातभर खड्डा खणायचा आणि निघालेली माती परत त्यातच भरायची. माती उरली तर जागा शुभ, कमी पडली तर अशुभ. माती उरली. मामंजी म्हणाले, "बघा." मालकांनी खांदे पाडले आणि ते कामाला लागले.

खरं सांगायचं तर मीही मामंजींच्या बाजूची होते. त्या उंबऱ्याच्या आत पुन्हा पाऊल टाकायला माझं मन धजत नव्हतं. कुठलीही जमीन मला चालली असती.

वडारांनी पाया खणला. छातीइतकं खोल गेलं तरी काळीच लागत होती. मामंजींनी आणखी खणायला लावलं, पुरुषभर गेले, तरी काळीच. तिथं दगड भरला, वर जोतं बांधलं, मातीच्या भिंती चढवल्या. लाकडं दिंद्रुडच्या बाजारातून आणली. माळवदावर घालायला माती मात्र पांढरीतूनच गाड्या भरून आणावी लागली, कारण काळी वर घातली तर ती तडकते आणि गळते. गाडी रिकामी करताना मालक एवढंच म्हणाले, "डोक्यावर घ्यायला जी माती चालत न्हाई, ती पायाखाली चालंल म्हणता."

पहिल्या पावसाळ्यात घर उचललं गेलं. हे शब्द मी विचारपूर्वक वापरते आहे. जोत्याचा एक कोपरा वर आला, चौकट तिरकी झाली आणि दार मधेच अडायला लागलं. दिवाळीपर्यंत ते आपोआप सुटं झालं. उन्हाळ्यात भिंतीला आतल्या बाजूनं एक चीर गेली, वरपासून खालपर्यंत, पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेल्यासारखी. मामंजी रोज सकाळी माती कालवून ती चीर बुजवायचे. चार दिवसांनी ती शेजारून फुटायची. ते पुन्हा कालवायचे. मी सारवण करता करता त्यांच्याकडे बघायची आणि मला वाटायचं, हा माणूस भिंत बुजवत नाही, दुसरंच काहीतरी करतो आहे. पण ते काय, ते मला कळत नव्हतं.

दुसऱ्या उन्हाळ्यात भरदुपारी पश्चिमेची भिंत बाहेरच्या अंगाला झुकून कोसळली. मी विहिरीवर होते, मुलगा माझ्या कडेवर होता. हा मुलगा त्या घरातच जन्मला होता. मालक गावात गेले होते. धूळ खाली बसल्यावर पाहिलं तर माळवदाचा अर्धा भाग लोंबत होता आणि आत मुलाची झोळी जिथं टांगलेली असायची तिथं ढेकळांचा ढीग होता. मामंजी बांधावरून धावत आले. त्यांनी आधी ढीग पाहिला. मग मी मुलाला घेऊन उभी आहे हे त्यांना दिसलं. ते जागच्या जागी खाली बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

आम्ही पुन्हा कोपीत गेलो. मालक एक शब्दही टोचून बोलले नाहीत, हे मी त्यांचं मोठेपण समजते. ते एवढंच म्हणाले, "आता गावात जाऊ." मामंजी जेवायला बसायचे आणि भाकरीचा चतकोर खाऊन उठायचे.

तोवर मी मामंजींशी समोरासमोर फारशी बोललेच नव्हते. डोक्यावरचा पदर सरळ करून, मान खाली घालून, विचारलं तेवढं सांगायचं, अशी रीत. त्या दिवशी ताट उचलायला गेले आणि तिथंच थांबले.

"मामंजी, एक बोलू का?"

त्यांनी वर पाहिलं.

"आमच्या पालीला घरं मुरमावर हायेत. माझ्या आज्यानं बांधलेली भिंत अजून उभी हाय. आपल्या शिवारात मुरूम कुठं लागतो?"

त्यांनी बोटांवर शिवारातल्या जागा मोजल्या. मग म्हणाले, "लागतो. थोडाथोडा लागतो. पण बघावा लागंल."

"मग बघू. पण या बारीला एकदाच बघून ठरवायचं न्हाई. पावसात बी बघायचं, थंडीत बी, उन्हात बी."

हे शहाणपण माझं नव्हतं. माझे वडील विहीर खणायची असली की वर्षभर त्या जागेवर जाऊन येत. पालीजवळच्या कपिलधारेच्या बाजूला जमिनीचा एक तुकडा घ्यायचं त्यांच्या मनात होतं, तर तोही त्यांनी तिन्ही ऋतूंत पाहिला आणि शेवटी घेतला नाही. लोक त्यांना चिकट म्हणायचे.

तसं ते वर्ष आमचं सुरू झालं. मालक शेतीचं बघायचे आणि मी व मामंजी सवड मिळेल तेव्हा पहार, टोपलं आणि पाण्याची घागर घेऊन निघायचो. गाव बघायचं. सासरा पुढं, सून मागं, पदर डोक्यावर आणि टोपल्यात माती, हे चित्र लोकांना चमत्कारिक वाटत असणार. आमच्या तोंडावर कुणी काही बोललं नाही, कारण घरातली माणसं गेलेल्या घराला गाव थोडं सांभाळून घेतं.

पहिली जागा ओढ्याजवळची. सपाट, मोकळी, सावली असलेली. पावसाळ्यात पाहिलं तर पाणी वरच साचून राहायचं, खाली उतरायचं नाही. थंडीत गेलो तेव्हा जमिनीवर पीठ सांडल्यासारखा पांढरा थर आला होता. मी बोट लावून जिभेवर ठेवलं. खारट. अशा जमिनीला चोपण म्हणतात. तिच्यावर भिंत घातली तर खार भिंतीत चढतो आणि गिलावा पापुद्र्यांनी सुटतो. झाडही धरत नाही. ती जागा सोडली.

दुसरी आंब्यांजवळची चढाची. तिथं पहार टाकली तर हातभर खोलीवर खणकन आवाज आला. मामंजींचा चेहरा उजळला. पण मी म्हटलं, पलीकडच्या कोपऱ्यातही बघू. तिथं पहार टाकली आणि ती लोण्यात सुरी जावी तशी आत गेली, जवळजवळ सगळी. एका बाजूला मुरूम आणि दुसऱ्या बाजूला खोल काळी. घर मधोमध मोडलं असतं.

त्याच जागी, खड्डा बुजवताना, मामंजी बोलले. त्यांचे हात चालूच होते.

"पोरीसाठी खांदलं तवा जमीन लई मऊ हुती. कुदळ मारावीच लागली न्हाई."

मी घागर खाली ठेवली.

"कुठं?" मी विचारलं. त्या दिवसानंतर इतक्या वर्षांनी तो प्रश्न माझ्या तोंडून बाहेर पडला.

"विहिरीच्या वरच्या अंगाला. बांधापाशी." खड्ड्यात माती लोटत ते म्हणाले, "लेकरू लहान हुतं. लांब न्हेऊन एकटं कसं टाकायचं? म्हणलं आपुन तिथंच ऱ्हाऊ. सोबत हुईल."

मला तेव्हा सगळं कळलं. पुरुषभर खणलेला पाया, रोज कालवलेली माती, गावाची रीत मोडून, मालकांचा विरोध पत्करून धरलेला तो हट्ट. मला रडू आलं नाही. मी त्यांना म्हटलं, मला तिथं घेऊन चला.

आम्ही गेलो. बांध सापडला, पण ती जागा सापडली नाही. त्यांनी खुणेला एक दगड ठेवला होता. काळी जमीन दर वर्षी फुगते, फाटते, वरची माती भेगांतून खाली घेते आणि खालची वर ढकलते. तिच्यात ठेवलेली वस्तू ठेवल्या जागी राहत नाही. मामंजी वाकून वाकून बघत राहिले, एका दगडाशी थांबायचे, मान हलवायचे, दुसऱ्याकडे जायचे. शेवटी ते सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "हितंच कुठंतरी हाय." मी खाली बसून जमिनीला हात लावला. ऊन होतं आणि माती गरम होती. मग आम्ही कोपीकडे परत आलो.

तिसरी जागा शिवाराच्या कडेचं टेकाड. वर तरवडाची झुडपं, खुरटं गवत आणि मधेमधे उघडा पडलेला तांबूस मुरूम. पावसाळ्यात तिथं ओतलेलं पाणी बघता बघता जिरायचं. उन्हाळ्यात पाहिलं तर बोटभरही भेग नव्हती. चारी कोपऱ्यांत आणि मधे खणून पाहिलं, सगळीकडे सारखाच आवाज आला. पण ते टेकाड आमचं नव्हतं. शेजारच्या गावच्या एका शेतकऱ्याचं होतं. तिथं तो शेळ्या चारायचा. पैशात द्यायला तो तयार नव्हता. त्याला जमिनीच्या बदल्यात जमीन हवी होती, आणि तीही विहिरीजवळची.

"माळाच्या बदल्यात काळी?" मालक म्हणाले. "लोक खुळ्यात काढतील आपल्याला."

मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. मालकांना ते पाहणं समजलं नाही, तेव्हा मी त्यांना बाजूला नेऊन मुलगी कुठं आहे ते सांगितलं. बापाला ते माझ्याकडून कळावं हे बरं की वाईट, मला ठरवता येत नाही. ते तोंड फिरवून उभे राहिले. मग परत आले आणि म्हणाले, "तू सांग. तू म्हणशील तसं."

मी म्हटलं, "जागा द्या. आपुन तिथं ऱ्हायलो काय आन न ऱ्हायलो काय, पोर तिथंच हाय. हे लेकरू वाढवायला मला न हलणारी जमीन पाहिजे."

बोलणी ठरली तेव्हा मामंजींनीच त्या शेतकऱ्याला बांधाजवळचं सांगितलं. तो वयस्कर माणूस होता. त्याच्या घरातलंही त्याच थंडीत कुणी गेलं होतं. तो म्हणाला, "बांधाकडची पट्टी मी नांगरणार न्हाई. माझ्या हयातीत तरी न्हाई." तालुक्याला जाऊन कागद झाला. कागद उर्दूत होता, कारकुनानं वाचून दाखवला आणि आमच्या माणसांनी अंगठे दिले.

टेकाडावर पाया कंबरभरही खणावा लागला नाही. मुरूम धुम्मसानं ठोकून जमीन केली. भिंती चढल्या. पावसाळा गेला, उन्हाळा गेला, आणि भिंतीवर माझ्या सारवणाच्या बोटांशिवाय दुसरी रेघ उमटली नाही.

पण मुरूम फुकट काही देत नाही. तिथं पाणी नव्हतं. विहीर खणायला घेतली आणि कातळ लागला म्हणून सोडली. रोज टेकाड उतरून घागरी भरून वर आणायच्या. परसात काही लावावं म्हटलं तर बी उगवून आठवड्यात वाळून जायचं. तेव्हा मामंजींनी खड्डे खणले आणि त्यांत शेतातून आणलेली काळी माती नि शेणखत भरलं. मुरमाच्या पोटात काळी ठेवली की ती फुगली तरी कुणाचं बिघडत नाही, पाणी मात्र धरून ठेवते. एक लिंबू जगलं, वालाचा वेल जगला. केळ लावून पाहिली, ती मेली. मामंजींनी दुसऱ्या वर्षी पुन्हा लावली, तीही मेली, तेव्हा त्यांनी नाद सोडला.

मामंजी त्या घरात काही वर्षं जगले. त्यांना बसायला ओट्यावरची जागा आवडायची. तिथून सगळं शिवार दिसायचं. मुलगा त्यांच्या मांडीवर मोठा झाला. ते गेले तेव्हा भर उन्हाळा होता. जायच्या आधी काही दिवस त्यांनी गावातल्या जुन्या घराची किल्ली मालकांच्या हातात दिली आणि ते घर पाडून माती शेतात टाका म्हणाले. पांढरीची जुनी माती खतासारखी लागते. मालकांनी तसंच केलं.

तो वयस्कर शेतकरी शब्दाला जागला. त्याच्यामागं त्याच्या मुलांनी पट्टी नांगरली. एका भाद्रपदात मी तिथून जात होते, तर बांधापर्यंत कापूस उभा होता. मी थोडा वेळ थांबले. त्या मुलांना दोष द्यावासा वाटला नाही. इतकी चांगली जमीन पडीक ठेवायला त्यांना कारण नव्हतं.

पुढं मुलाचं लग्न ठरलं तेव्हा आणखी एक खोली काढायची होती. जागा घराला लागूनच होती, मुरूम सगळीकडे सारखाच असणार, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तरी मालकांनी आदल्या वर्षी पावसाळ्यात तिथं खड्डा खणला, थंडीत जाऊन पाहिला, वैशाखात पुन्हा पाहिला. मुलगा अधीर झाला होता.

"बप्पा, तो मुरूमच हाय," तो म्हणाला.

"आसंल," मालक म्हणाले आणि पहार घेऊन कोपऱ्याकडे गेले.